हरकती व सूचना

वर्तमानपत्र हाती आले की आम्ही अग्रलेखाच्या आधी सरकारी जाहिराती वाचतो. ही काही चांगली सवय नव्हे, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु ज्याचा सारा दिवस मसुदे, टिप्पण्या आणि परिपत्रके यांत जातो, त्याला 'सर्वसाधारण जनतेस कळविण्यात येते की' ही सुरुवात परक्या मुलखात भेटलेल्या गाववाल्यासारखी वाटते. 2021 च्या जून महिन्यात दिल्लीच्या नव्या बृहत् आराखड्याची सूचना आमच्या दृष्टीस पडली ती अशीच. महासाथीची दुसरी लाट नुकतीच ओसरली होती, कचेरीत आलटूनपालटून हजेरी होती आणि घरी बसून वाचावयास वेळ होता. 2041 पर्यंतच्या दिल्लीचा मसुदा प्रसिद्ध झाला आहे, त्यावर जनतेने आपल्या हरकती व सूचना मुदतीत धाडाव्यात, असे तीत म्हटले होते.

असल्या सूचना एरवी आम्ही वाचून सोडून देतो. ह्या खेपेस ती मोठ्याने वाचली आणि अण्णांनी ऐकली. तेथून सारे प्रकरण उद्भवले.

अण्णा म्हणजे आमचे वडील. सातारा जिल्ह्यात त्यांनी तीस वर्षे तलाठ्याची नोकरी केली. 2017 साली आई गेल्यावर ते आमच्याकडे राहावयास आले. दिल्लीत त्यांचे मन रमते असे म्हणवत नाही. पण तक्रार करण्याचा त्यांचा स्वभाव नाही. जमिनीविषयी कोणी काही बोलले म्हणजे मात्र त्यांचे डोळे अजून लकाकतात.

"नकाशा आहे का त्यात?" त्यांनी विचारले.

आम्ही संगणकावर नकाशा उघडून दिला. पिवळा रंग राहण्याच्या जागेचा, हिरवा उद्यानांचा, निळा व्यापाराचा, जांभळा कारखान्यांचा. अण्णांनी चष्मा पुसून अर्धा तास तो न्याहाळला. आम्हांस वाटले, एवढे मोठे काम पाहून ते थक्क झाले असावेत. शेवटी ते म्हणाले, "रंग झकास भरलेत. पण ह्यात पेरा कुठं लिहिलाय?"

आम्ही त्यांना समजावू लागलो की, हा सातबारा नव्हे. पुढील वीस वर्षांत कोणत्या जमिनीचे काय व्हावे, ते ह्यात ठरते. त्यावर ते उत्तरले, "तेच म्हणतो मी. आम्ही आहे ते लिहीत होतो. ह्यांनी व्हायचं ते लिहिलंय. आहे ते कुणी लिहायचं?"

हा प्रश्न त्या वेळी आम्ही हसण्यावारी नेला. तलाठ्याला जगाकडे गाव नमुना बारामधूनच पाहता येते, असे काहीसे आम्ही सौभाग्यवतीपाशी म्हणालोही. नंतर मसुद्याचे दोन खंड चाळता चाळता, आणि मागील आराखड्यांचा इतिहास पाहता पाहता, तो प्रश्न पुन्हापुन्हा आडवा येऊ लागला.

दिल्लीच्या आराखड्याची कहाणी मोठी मनोरंजक आहे. 1955 च्या अखेरीस नजफगढ नाल्याचे घाण पाणी वझिराबादपाशी शहराच्या पिण्याच्या पाण्यात शिरले आणि हजारो दिल्लीकरांना कावीळ झाली. वाढत्या शहराला काही शिस्त हवी, ही जाणीव त्या साथीने तीव्र केली. 1957 साली दिल्ली विकास कायदा झाला. फोर्ड फाउंडेशनच्या तज्ज्ञांचे साह्य घेऊन सिद्ध केलेला पहिला आराखडा 1962 च्या सप्टेंबरात अमलात आला. त्याची नजर 1981 पर्यंत होती. त्यानंतरचा आराखडा 2001 पर्यंतचा. तो अमलात आला 1990 च्या ऑगस्टात. तिसरा 2021 पर्यंतचा. त्याची अधिसूचना निघाली 2007 च्या फेब्रुवारीत. म्हणजे वीस वर्षांच्या भविष्यातील पहिली नऊ वर्षे एकदा, आणि सहा वर्षे दुसऱ्यांदा, भूतकाळात जमा झाल्यावर ते भविष्य मंजूर झाले. आराखडा फायलीतून फिरत असतो, तेव्हा शहर काही त्याची वाट पाहत थांबत नाही. माणसे येतात, भिंती उभ्या राहतात, दुकाने निघतात. आणि मग पुढील आराखड्याला ह्या सर्वांना नियमित करून घेण्यासाठी कलमे शोधावी लागतात.

ही वर्षे आम्ही अण्णांना सांगितली तेव्हा ते खो खो हसले. "म्हणजे पीकपाहणी चावडीत बसून भरली म्हणायची!" मग जरा थांबून, आवाज उतरवून म्हणाले, "आम्हीही भरली आहे एकदोनदा. पावसात कोण जातं बांधावर?" तीस वर्षांच्या चोख नोकरीतील हा एवढा कबुलीजबाब आम्ही प्रथमच ऐकला.

आता आमची ह्या प्रकरणात गुंतवणूक काय, ते सांगावयास हवे. 2014 साली आम्हांस सरोजिनी नगरात सरकारी क्वार्टर मिळाले. पन्नासच्या दशकातील बांधकाम, तळमजला, मागे लहानसे अंगण. पावसाळ्यात स्वयंपाकघराचे छत गळे, आणि गिलाव्याचे पोपडे कधी पोळीवर पडत तर कधी फायलीवर. तरीही पहिल्या रात्री अंगणात खाट टाकून आम्ही उभयतां आकाशाकडे पाहत पडलो, तेव्हा दिल्लीत आपले असे काही झाले, असे वाटले. कन्येच्या जन्माच्या वेळी आई आली. तिने गोवा एक्सप्रेसमधून साताऱ्याहून तेलाच्या डब्यात कढीपत्त्याचे रोप आणले होते. निजामुद्दीनला उतरल्यावर नातीची चौकशी करण्याआधी तिने डब्यात पाणी ओतले. ते रोप मागल्या अंगणात लागले आणि असे फोफावले की, सकाळी आमच्या दारी पंजाबी, बंगाली आणि तमिळ शेजारणींची ये-जा सुरू झाली. आईला हिंदी येत नव्हते. पाने देता देता ती चार शब्द शिकली.

2016 च्या जुलैत केंद्रीय मंत्रिमंडळाने दक्षिण दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. 12,970 जुन्या घरांच्या जागी सुमारे 25,667 घरे व्हावयाची आणि त्याचा खर्च काही जागा व्यापारासाठी देऊन उभा करावयाचा, अशी ती योजना. शेजारच्या नौरोजी नगरात घरांच्या जागी व्यापारी संकुल उभे राहिले ते ह्याच हिशेबाने. आमच्यासारखे कितीतरी कारकून क्वार्टरासाठी वर्षानुवर्षे यादीत ताटकळत असतात. घरे दुप्पट व्हावीत ह्यात आम्ही कोणत्या तोंडाने हरकत घेणार? 2018 च्या जूनमध्ये झाडे तोडण्याविरुद्ध लोक रस्त्यावर आले, झाडांना मिठ्या मारून उभे राहिले, उच्च न्यायालयाने तोड थांबविली आणि पुढे आराखडे बदलून काही झाडे वाचविण्यातही आली. आम्ही त्या गर्दीच्या कडेला, कचेरीचा डबा हातात घेऊन, दहा मिनिटे उभे होतो. सरकारी नोकराने कोठे उभे राहावे, ह्याचे नियम आहेत.

2019 साली आमच्या गल्लीला घरे रिकामी करण्याचा हुकूम आला. तेव्हा अण्णांनी सौभाग्यवतीकडून शिवणाची टेप मागून घेतली आणि आम्हांस कायदा वाचावयास सांगितले. दिल्लीच्या 1994 च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे, जमिनीपासून तीस सेंटिमीटर उंचीवर ज्याचे खोड किमान पाच सेंटिमीटर व्यासाचे आहे आणि ज्याची उंची एक मीटरहून कमी नाही, ते झाड. आईचा कढीपत्ता उंचीत दुप्पट उतरला. खोडाचा घेर भरला चौदा सेंटिमीटर. अण्णांनी पाटीवर भागाकार केला. व्यास साडेचार सेंटिमीटरच्या आत.

"झाड नाही," ते म्हणाले, आणि टेप गुंडाळून परत दिली.

मुळाशी फुटलेले एक पिल्लू उकरून आम्ही रामकृष्णपुरमच्या नव्या घरी नेले. तेथे तिसरा मजला आहे, अंगण नाही.

तेव्हा 2021 मध्ये ती नोटीस वाचल्यावर अण्णांनी हरकत धाडण्याचा धोशा लावला, त्याचे मूळ हे. आम्ही मात्र कचरत होतो. केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, 1964, ह्यांत सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करण्यास मनाई आहे. हरकत ही टीका ठरते काय? कायद्याने जनतेला हरकतीचा हक्क दिला आहे, परंतु कारकून जनतेत मोडतो काय? कचेरीत हे कोणाला विचारावे तर 'का विचारता?' हा उलट प्रश्न ठरलेला. सौभाग्यवतीने वेगळीच शंका काढली. ती म्हणाली, "घर सरकारचं, जमीन सरकारची, अंगणसुद्धा सरकारचं. आपण पगारातून परवाना शुल्क कापून देत होतो. आपली हरकत कशी?" तिच्या म्हणण्याला उत्तर नव्हते आणि अजून नाही.

त्यातच अण्णांनी एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी दोन वर्षे मनात ठेविली होती. सरोजिनी नगराला चिकटून पिलंजी नावाचे गाव आहे. गाव म्हणजे आता चारमजली घरांची गच्च गल्ली. जुन्या महसुली नकाशात गावाच्या वस्तीभोवती तांबडी रेघ असे, म्हणून त्याला येथे लाल डोरा म्हणतात. आपले गावठाणच ते, असे कळल्यापासून अण्णांना त्या गल्लीचा लळा लागला होता. तेथे बाजेवर बसणाऱ्या एका वृद्धाशी त्यांचे मोडक्या हिंदीत बोलणे होई. वसाहत होण्यापूर्वी येथे आमच्या घरची शेते होती, असे त्या गृहस्थाने सांगितले, आणि एकेका शेताचे नाव घेऊन हात केला. त्यांतला एक हात आमच्या गल्लीकडे गेला.

"गहू निघायचा म्हणाला," अण्णा म्हणाले. "त्याच्या बापानंही हरकत घेतली असेल. कोण जाणे!"

आम्ही गप्प राहिलो. साठ वर्षांपूर्वी कोणीतरी ह्याच जमिनीवर आमच्यासाठी पिवळा रंग फासला होता, आणि त्या रंगात आम्ही सुखाने खाट टाकून निजलो होतो, हे आमच्या ध्यानात कधी आले नव्हते.

त्या रात्री मजकूर लिहावयास घेतला. पहिला खर्डा 'उपरोक्त विषयास अनुसरून' पासून सुरू होऊन 'उचित कार्यवाही व्हावी' येथे संपला. अण्णांनी तो ऐकला आणि विचारले, "ह्यात झाड कुठं आहे?" दुसरा खर्डा इतका हळवा झाला की, तो आम्हीच फाडला. तिसरा धाडला. त्यावर आम्ही 'हरकत' हा शब्द वापरला नाही, 'सूचना' म्हटले. सूचना अशी की, कोणतीही वसलेली वसाहत पुनर्विकासासाठी रिकामी करण्यापूर्वी जागेवर जाऊन तेथील पाहणी लिहावी. घरे किती, हे तर लिहिलेले असतेच. अंगणात काय लावले आहे, कायद्याच्या मापात न बसणारी झाडे कोणती, आठवड्याचा बाजार कोठे भरतो, पायवाट कोठून जाते, हे लिहावे, आणि ती पाहणी आराखड्याला जोडावी. उदाहरणादाखल एक कढीपत्ता, घेर चौदा सेंटिमीटर, हे नमूद केले. अण्णांच्या आग्रहावरून शेवटी आणखी एक कलम घातले: वसाहतीखालील शेतांची जुनी नावे माहीत असलेले लोक हयात आहेत तोवर तीही लिहून घ्यावीत. त्यांनी पिलंजीच्या वृद्धाकडून ऐकलेली नावे सांगावयास घेतली, पण त्यांना दोनच आठवली, आणि तीही उच्चाराच्या खात्रीची नव्हती. ती आम्ही घातली नाहीत.

पुढे कळले की, अशा सुमारे 33 हजार हरकती व सूचना आल्या होत्या. मंडळाने बैठका घेऊन त्यांचा विचार केला, आणि 2023 च्या फेब्रुवारीत प्राधिकरणाने मसुद्याला आपली मंजुरी देऊन तो केंद्र सरकारकडे रवाना केला. तेहतीस हजारांतून एका कढीपत्त्याचे काय झाले, हे विचारण्याइतके आम्ही भाबडे नाही. अशा गठ्ठ्यांचे तक्ते कसे बनतात आणि 'तत्सम सूचना' ह्या एका ओळीत किती माणसे मावतात, हे आम्ही स्वतः करीत आलो आहोत.

अण्णांनी पोच क्रमांक आपल्या वहीत, गावाकडच्या शेतसाऱ्याच्या पानाशेजारी, लिहून ठेविला. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस पेन्शनीचा आकडा पाहून झाला की ते वही उघडत आणि विचारीत, "आलं का काही?"

"विचाराधीन आहे," आम्ही सांगत असू.

"हं," म्हणून ते वही मिटत आणि गॅलरीतल्या कुंडीला पाणी घालावयास उठत.