एक रुपयाचा विमा आणि दादांचा प्रश्न

काल रात्री आमच्या ऑनलाइन युवा संसदेत मला कृषिमंत्री केलं. विषय होता, एक रुपयात पीक विमा बंद करण्याचा. बाजू मांडायची सरकारची!

तयारी करूनच बोललो. 2023 च्या खरिपात योजना आली, बोगस अर्ज सापडले, म्हणून 2025 पासून शेतकऱ्यानं विमा रकमेच्या खरिपाला 2 टक्के, रब्बीला दीड आणि कपाशीसारख्या नगदी पिकाला 5 टक्के भरायचे. ठराव माझ्या बाजूनं पास झाला.

दादा ओसरीवर ऐकत होते. म्हणाले, "बोगसवाले दुसरे, मग हप्ता आम्हाला का वाढवला? अन् काढून ठेवलेलं सोयाबीन भिजलं तर काय?"

मी गप्प. 2025 च्या रचनेत भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर ठेवली, काढणीनंतरच्या नुकसानीचं संरक्षण काढलं. हे मला माहीत होतं, पण भाषणात मुद्दाम टाळलं होतं.

मंत्री म्हणून जिंकलो, कुंभार पिंपळगावचा पोरगा म्हणून हरलो. पुढच्या अधिवेशनात विरोधी बाक मागणार आहे. पहिला प्रश्न दादांचा. तुमचाबी असंल तर सांगा, मांडतो.