ठेव नावाचा शब्द

आमचे कला महाविद्यालय आणि संस्थेचे विधी महाविद्यालय एकाच इमारतीत भरते, त्यामुळे प्राध्यापक-कक्षही एकच आहे. तेथे सकाळच्या चहाला कायद्याचे एक ज्येष्ठ प्राध्यापक वर्तमानपत्र उघडतात आणि त्यांचे भाष्य सुरू होते. अग्रलेखाच्या वाटेला ते जात नाहीत. न्यायालयाच्या बातम्या, अर्थविषयक पान आणि लिलावाच्या जाहीर नोटिसा एवढाच त्यांचा मजकूर. बोलणे सहज, अर्धे स्वतःशीच. ‘जप्तीची नोटीस वाचत जा, मॅडम. एका घराची अख्खी कादंबरी असते तिच्यात,’ असे म्हणून ते पान उलटतात.

सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. सहा महिन्यांत खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येतील, असा पहिला आदेश होता. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली. ‘आमचेच पैसे आम्हाला मिळत नाहीत,’ अशी ठेवीदारांची तक्रार आमच्यातल्या कोणीतरी बोलून दाखवली. सरांनी बशी खाली ठेवली. ‘घोळ इथेच आहे. ते त्यांचे पैसे नव्हेतच. बँकेचे आहेत.’

मग त्यांनी १८४८ सालचा ‘फोली विरुद्ध हिल’ हा खटला सांगितला. ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने त्यात ठरवले, की खातेदाराने भरलेला पैसा त्या क्षणापासून बँकेचा होतो. बँक त्याची विश्वस्त नाही, ऋणको आहे. तो पैसा तिने हवा तसा वापरावा. तेवढी रक्कम परत करणे एवढेच तिच्यावर बंधन. आपल्याकडेही हेच तत्त्व चालत आले आहे. लॉकरमधल्या पाटल्या तुमच्या राहतात, कारण बँकेला त्या वापरता येत नाहीत. खात्यातला पैसा मात्र तुम्ही उसना दिलेला असतो. ‘आणि त्या व्यवहाराला तुम्ही मराठीत काय म्हणता? ठेव!’

मराठीच्या शिक्षिकेला यापेक्षा मोठी मेजवानी कोणती? घरी येऊन मी पुस्तके काढली. मनुस्मृतीतल्या अठरा व्यवहारपदांत पहिले ऋणादान आणि दुसरे निक्षेप. म्हणजे कर्ज आणि ठेव ही दोन निरनिराळी प्रकरणे आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीत ‘उपनिधी’ येतो: पेटीत बंद करून, आत काय आहे ते न सांगता दुसऱ्याच्या हाती सोपवलेले द्रव्य. ते जसेच्या तसे परत करायचे. मात्र राजाने, दैवाने किंवा चोराने नेले असेल, तर ठेवून घेणाऱ्याकडून ते वसूल करायचे नाही. (हे तीन अपवाद मी दुसऱ्या दिवशी वाचून दाखवले, तेव्हा सरांनी चहाचा ठसका लागेपर्यंत हसून घेतले.) आपल्या ‘ठेव’ या शब्दात तो निक्षेप अजून जिवंत आहे, व्यवहार कर्जाचा झाला, शब्द विश्वासाचाच राहिला. अर्थपरिवर्तनाचे उदाहरण म्हणून त्या वर्षी मी हे वर्गात शिकवले. मुले हसली, मीही हसले.

२०२२ मध्ये माझ्या माहेरच्या गावातील सहकारी बँकेवर निर्बंध आले. माझे वडील प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. त्यांचे सगळे तिथे होते. ‘संचालकांत माझा एक विद्यार्थी आहे,’ एवढे तारण अण्णांना पुरेसे वाटले होते.

सरांना हे ठाऊक नव्हते. त्यांनी नेहमीप्रमाणे बातमी वाचली. ‘यांच्याकडून लाखभर घ्यायला दोन जामीनदार लागतात. यांना दहा लाख देताना कुणी एक तरी जामीनदार मागितला का?’ कक्षात हशा पिकला. मी कप तसाच ठेवून वर्गावर गेले. त्यानंतर आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. वाक्य खोटे नव्हते, आणि तीन वर्षांपूर्वी तशाच वाक्यावर मीही हसले होते, हे कळत असूनही.

कोणाकडून तरी त्यांना समजले असावे. रविवारी ते गाडी काढून आमच्याबरोबर गावी आले. न्यायनिवाडा नाही, दिलगिरी नाही. ‘अण्णा, पावत्या दाखवा.’

बँकेतल्या ठेवींचा विमा १९६२ मध्ये सुरू झाला तो १,५०० रुपयांचा. १९९३ पासून मर्यादा एक लाखावर थांबली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये ती पाच लाख झाली. २०२१ च्या दुरुस्तीने असे निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद केली. हे सारे आम्ही वाचले होते. जे ठाऊक नव्हते ते सरांनी खाटेवर पावत्या मांडून दाखवले. एकाच व्यक्तीच्या नावावरच्या ठेवी, व्याजासह, एकत्र धरतात. संयुक्त नावांच्या वेगळ्या धरतात. आणि संयुक्त ठेवीत नावांचा क्रम बदलला, तर तीही वेगळी.

अण्णांच्या एकट्याच्या नावे दोन पावत्या होत्या, मिळून सात लाखांवर. एक अण्णा-आई अशी. चौथीवर आधी आईचे नाव होते, मग अण्णांचे. माहेरच्या जमिनीतला वाटा विकून आलेले पैसे ते. ‘माझं नाव आधी घाला’ म्हणून तिने काउंटरवर हट्ट धरला होता आणि अण्णा चारचौघांत संकोचले होते. या दोन्ही पावत्या पाच लाखांच्या आतल्या. सरांनी चौथी पावती उचलून आईच्या हातात दिली. ‘वहिनी, ही वेगळी मोजतील.’ आई काही बोलली नाही. तिने ती पदराच्या टोकाने पुसली.

विम्याची रक्कम मिळाली. उरलेले दोन लाख आणि काही हजार बँकेकडे अडकले, ते आजही तसेच आहेत.

अण्णांची हिशेबाची वही १९७० च्या दशकापासून एकाच पद्धतीची आहे. ‘शिल्लक’ या मथळ्याखाली बँकेतली रक्कम ते दर महिन्याला लिहीत. परवा गावी गेले तेव्हा वही उघडीच होती. त्या दोन लाखांवर त्यांनी पट्टी ठेवून सरळ रेघ मारली होती, आणि पुढच्या पानावर, दूधवाल्याला दिलेल्या आगाऊ रकमेखाली, ते ‘येणे’ या सदरात लिहिले होते. नवीन बँकेतली रक्कमही तिथेच होती.