जास्तीचं रक्त

एफएमआरआयच्या (फंक्शनल एमआरआयच्या) पडद्यावर मेंदूचा एखादा भाग नारिंगी उजळला की सोबत आलेले नातेवाईक म्हणतात, "इथं मेंदू चाललाय." मी रेडिओलॉजिस्ट आहे, आणि दर वेळी त्यांना सांगतो की दिसतंय ते रक्त, पेशींचं काम नव्हे. मग ते विचारतात, काम आणि रक्त यांत फरक तो काय? माझा सगळा धंदा त्या फरकावर उभा आहे.

ऑक्सिजन सोडून दिलेल्या हिमोग्लोबिनला चुंबक ओढतं, ऑक्सिजन धरलेल्याला नाही. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी हे १९३६ मध्ये दाखवलं. असं ऑक्सिजन सोडलेलं रक्त आजूबाजूचा एमआरआयचा सिग्नल मंद करतं. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी उंदरांच्या मेंदूतल्या शिरा याच गुणावर पाहिल्या. आता माणसानं बोटं हलवली, त्या भागातल्या पेशींनी जास्त ऑक्सिजन खाल्ला, तर तिथं अंधार पडायला हवा. पण तो भाग उजळतो!

याचं उत्तर सेंट लुईसच्या पीटर फॉक्स आणि मार्कस रेकल यांनी आधीच, १९८६ मध्ये, दिलं होतं. बोटांना कंप दिल्यावर मेंदूच्या त्या भागात रक्त २९ टक्क्यांनी वाढलं, ऑक्सिजनचा वापर मात्र जेमतेम ५ टक्क्यांनी. म्हणजे ऑक्सिजन सोडलेल्या रक्ताचं प्रमाण तिथं उलट घटतं, आणि सिग्नल वाढतो. मी अकोले तालुक्यातला, म्हणून मला हे भंडारदरा धरणाच्या पाण्याच्या आवर्तनासारखं दिसतं. पिकाला लागतं त्यापेक्षा चारीत पाणी कितीतरी जास्त सोडलं, तर शेवटच्या शेताच्या पुढंही धार वाहत राहते. आमचं मशीन ती पुढं गेलेली धार बघतं. पीक किती प्यायलं, हे तिच्यावरून थेट कळत नाही.

इतकं जास्त रक्त कशासाठी, यावर तज्ज्ञ अजून भांडतात. काही म्हणतात, रक्त वेगानं धावलं की ऑक्सिजनला केशवाहिनीबाहेर पडायला वेळ कमी मिळतो, म्हणून थोडा जादा पोहोचवायलाही प्रवाह बराच वाढवावा लागतो. काहींच्या मते पेशी एकमेकींशी बोलू लागल्या की त्याच क्षणी नायट्रिक ऑक्साइडसारख्या रसायनांतून रक्तवाहिन्यांना हुकूम जातो, ऑक्सिजन कमी पडायची वाट कोणी बघत नाही. मला दुसरं जास्त पटतं, कारण हा हुकूम वाया गेलेला मी रोज बघतो.

गाठ असलेल्या मेंदूत तेच होतं. राजूरकडच्या मावशी येतात, गाठ भाषेच्या भागाला चिकटलेली असते. ऑपरेशनआधी भाषेची नेमकी जागा शोधायची असते. वाचता येत नसेल तर शब्दांची यादी निरुपयोगी, म्हणून चित्रं दाखवायची: नागलीचं कणीस, इरलं, खुरासणीचं फूल. "मावशी, नाव मनातच घ्या, ओठ हलवू नका, डोकं तर मुळीच नाही." मावशी नावं अचूक घेतात, बाहेर आल्यावर एकेक म्हणूनही दाखवतात. तरी गाठीच्या कडेला रंग उमटत नाही. तिथं भाषा नाही, असं वाटून सर्जननं कापलं तर मावशींची वाचा जाऊ शकते.

म्हणून मी श्वास रोखायला लावतो, थोडाच वेळ. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, रक्तवाहिन्या पसरतात, आणि निरोगी मेंदू विचार न करताच उजळतो. गाठीच्या कडेला तेव्हाही काही हललं नाही, तर दोष तिथल्या नळ्यांचा. पेशींविषयी त्या चित्रावरून काहीही बोलता येत नाही. हा भाग प्रोटोकॉलमधून वेळ वाचवण्यासाठी गाळतात, त्याचा मला राग येतो. काही मिनिटांचाच तर प्रश्न असतो.

अशा वेळी रिपोर्टात रंगीत चित्राच्या आधी मी हे लिहितो: "या भागात रक्तवाहिन्यांचा प्रतिसाद नाही. रंग नाही म्हणून भाषा नाही असं धरू नये. ऑपरेशनमध्ये पेशंटला जागं ठेवून, विजेच्या सौम्य उत्तेजनानं तपासून मगच पुढं जावं." आणि सर्जनला फोनही करतो, मावशींना कोणती चित्रं ओळखीची आहेत ते सांगायला.