अवसरीहून गणेशखिंडीस

पुणें-नाशिक रस्त्यानें जाणाऱ्या प्रवाशास अवसरी हें नांव बहुधा घाटामुळें ठाऊक असतें. पेठ मागें टाकून मंचरकडे उतरतांना गाडी दोनचार वळणें घेते, वनोद्यानाची झाडी दिसते, 'हा अवसरीचा घाट' असें कोणी तरी शेजाऱ्यास सांगतो, आणि इतक्यांत मंचर येतें. गांव मात्र हमरस्त्यापासून बाजूस राहिलें आहे. त्यांतही अवसरी दोन. 'खुर्द' म्हणजे लहान व 'बुद्रुक' म्हणजे बुजुर्ग, थोर. हे फारशीचे अवशेष आपल्या गांवांच्या नांवांस इतके घट्ट चिकटले आहेत कीं त्यांचा अर्थ कोणी विचारीतही नाहीं. धाकट्या अवसरीस २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथें यंत्रविद्या शिकण्यासाठीं दूरदूरचीं मुलें आमच्या शिवारांत येऊन राहतात. परंतु थोरल्या अवसरींतील एखाद्या मुलीस गावयाचें असेल, नाट्य करावयाचें असेल, तर तिला मात्र गांव सोडून जावें लागतें. अशाच एका मुलीबरोबर दोन वर्षांपूर्वीं प्रस्तुत लेखकास पुण्यास जाण्याचा योग आला, त्याची ही हकीकत.

मुलगी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची. हा गृहस्थ बटाटा-कांद्याचा शेतकरी. शाळेंत असतांना गणितांत बरा, संस्कृतांत यथातथाच. मुलीचा कंठ मात्र हरिनाम सप्ताहांत साऱ्या गांवानें ऐकलेला. बारावी झाल्यावर तिनें परिचारिकेचा अभ्यासक्रम घ्यावा असें घरचें मत होतें, व तें मूर्खपणाचें मत मुळींच नव्हतें. परिचारिकेस नोकरी मिळते, गाणारणीस मिळेलच असें ब्रह्मदेवही सांगणार नाहीं. पण मुलीच्या मनांत पुणें विद्यापीठाच्या ललित कला केंद्रांत नाट्यशाखेस प्रवेश घ्यावयाचें होतें. १९८७ मध्यें स्थापन झालेलें हें केंद्र गणेशखिंडींतील विद्यापीठाच्या आवारांत आहे. संगीत, नृत्य व नाट्य या तिन्ही कला तेथें गुरुकुलाच्या धर्तीवर शिकवितात, आणि प्रवेशापूर्वीं उमेदवाराची परीक्षा घेतात. बाप म्हणाला, "गुरुजी, कांदा चाळींत भरायचा आहे, मला हलतां येत नाहीं. तुम्हीं घेऊन जा. पसंत पडली तर बघूं." ह्या 'बघूं' शब्दांत होकार किती व नकार किती, हें शेतकऱ्याच्या घरांत वावरलेल्या माणसासच कळतें.

त्याच्याही आधीं एका खासगी वर्गानें नुसतें गाणें ऐकून घेण्याचे पैसे मागितले होते, आणि ऐकणारा पांच मिनिटांत उठून गेला होता. तो अनुभव पदरीं असल्यामुळें घरांत उत्साह बेताचाच होता.

आम्ही तिघें निघालों: मुलगी, तिची आजी आणि मी. एस. टी. नें २०२३ च्या मार्चपासून स्त्रियांस अर्ध्या तिकिटाची सवलत दिली आहे, आणि माझें सदुसष्टावें चालू असल्यामुळें मीही अर्ध्याचाच धनी. एकंदरींत तीन माणसें दीड तिकिटांत पुण्यास पोंचणार, या गोष्टीचा आजीबाईंस परीक्षेपेक्षां अधिक आनंद झाला होता. पहिली गाडी गांठावयाची म्हणजे अंधारांत निघणें आलें. डिंभ्याच्या धरणाचें पाणी कालव्यांनीं खेळूं लागल्यापासून आमच्या तालुक्यांत ऊंस वाढला, आणि उसाबरोबर बिबट्या आला. आतां जुन्नर-आंबेगांवांत पहांटे एकटेंदुकटें बाहेर पडण्याची सोय उरलेली नाहीं. हातांत काठी व विजेरी घ्यावी, मोठ्यानें बोलत जावें, असा वनखात्याचा उपदेश आहे. बोलावयाचें काय, हा प्रश्न मुलीनें सोडविला. परीक्षेसाठीं बसविलेलें पद तिनें मोकळ्या गळ्यानें सुरू केलें. दोन्ही अंगांस माणसाहून उंच ऊंस, पुढें विजेरीचा लहानसा गोल, आणि त्या काळोखांत शाकुंतलाच्या चौथ्या अंकांतील पद! श्वापदास पळवून लावण्यासाठीं अण्णासाहेब किर्लोस्करांच्या रचनेचा उपयोग होईल, हें त्यांच्याही स्वप्नीं आलें नसेल. आजीबाई मध्येंच म्हणाल्या, "आगं, थोडा आवाज तिकडंच्यांसाठीं ठेव."

मंचरास गाडी बदलली. पुण्याची वाट म्हणजे नद्यांची माळ आहे. आमची घोड नदी उत्तरेस राहते. पुढें खेडास भीमा, मग वाकीस भामा, मोशीस इंद्रायणी, आणि पुण्याच्या तोंडाशीं दापोडीस मुळा. खेडाचें नांव आतां राजगुरुनगर. हुतात्मा शिवराम हरि राजगुरूंचें तें जन्मगांव. चाकणास मात्र गाडी जी थांबली ती थांबलीच. १६६० मध्यें फिरंगोजी नरसाळ्यानें येथल्या भुईकोटाच्या आधारावर शाइस्तेखानाच्या अफाट सैन्यास जवळजवळ दोन महिने अडवून धरिलें होतें. आज तेंच कार्य मालमोटारी करितात, आणि त्यांस फितुरीही लागू पडत नाहीं! मुलगी घड्याळाकडे पाहत होती. तिला धीर यावा म्हणून मीं नाटकमंडळ्यांच्या गोष्टी काढल्या. शिक्षकास दुसरें काय येतें?

पूर्वीं हा प्रवास उलट्या तऱ्हेचा होता. १८८० च्या ऑक्टोबरच्या ३१ तारखेस पुण्यास शाकुंतलाचे पहिले चार अंक रंगभूमीवर आले, आणि पुढें पन्नास वर्षें महाराष्ट्रांत ज्या पोराचा गळा गोड, त्याचें लक्ष नाटकमंडळीकडे. पण मंडळी एका जागीं राहत नसे. आज मिरज, उद्यां हुबळी, परवां बडोदें. मुलाला जेथें मुक्काम असेल तेथें नेऊन उभें करावें लागे. मालकानें गाणें ऐकावें, रूप पाहावें, आणि पसंत पडल्यास पोर तेथेंच राहावें. जेवण, अंथरूण, तालीम, मार, सगळें मंडळींत. नारायण श्रीपाद राजहंस १९०५ मध्यें किर्लोस्कर मंडळींत आले ते पुढें बालगंधर्व म्हणून गाजले. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर गोव्याहून त्याच मंडळींत आले तेव्हां चौदाएक वर्षांचे होते. आणि मोशीहून जी वाट आळंदीस फुटते, त्या आळंदींत १८९८ मध्यें जन्मलेले मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर पोरवयांतच नाटकमंडळींत शिरले. "यांत मुली कुठं आहेत?" असें मुलीनें विचारलें. प्रश्न रास्त होता. स्त्रियांच्या भूमिका मुलगेच करीत. हिराबाई बडोदेकरांनीं १९२९ मध्यें स्वतःची नूतन संगीत नाटक मंडळी काढून कुलीन प्रेक्षकांपुढें स्त्रियांनाच उभें केलें, तेव्हां कोठें तें दार उघडलें.

आजीबाई इतका वेळ ऐकत होत्या. त्यांना एकच शंका होती: "म्हंजी नारायणगांवासारखंच ना?" या शंकेस हंसूं नये. आमच्या भागांत रंगभूमि म्हणजे नारायणगांव. मंचरापासून अर्ध्या तासाच्या वाटेवरील हें गांव तमाशाची पंढरी समजतात. पाडव्याच्या सुमारास तेथें फडांच्या राहुट्या लागतात, आणि गांवोगांवचे पुढारी यात्रेची सुपारी देण्यासाठीं तेथें जातात. विठाबाई भाऊ मांग नारायणगांवकर येथल्याच. १९५७ व १९९० अशा दोन वेळां राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. आपल्या पांढरपेशा घरांत तमाशाचें नांव काढतां कपाळास आंठ्या पडतात, पण ताल, पाठांतर व समयस्फूर्ति यांत त्या फडांतील बायांची बरोबरी करणारे पदवीधर मीं फार थोडे पाहिले आहेत. मीं आजीबाईंस सांगितलें, "तसेंच, पण येथें कागद मिळतो." त्यांचें समाधान झालें.

शिवाजीनगरचें स्थानक २०१९ च्या अखेरीस हलवून वाकडेवाडीस नेलें, तेथें उतरून रिक्षानें गणेशखिंड गांठली तेव्हां वेळेस वीसच मिनिटें उरलीं होतीं. आवारांतील वृक्षांखालीं मुलें बसलीं होतीं. नांदेडकडचा एक मुलगा रात्रभर प्रवास करून आला होता आणि नळावर तोंड धुवून दिमडी तापवीत होता. दुसरा एक दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयासाठींही खटपट करीत होता. १९५९ मध्यें स्थापन झालेल्या त्या विद्यालयाची पहिली चाचणी निरनिराळ्या शहरांत होते, पण अखेरची निवड दिल्लीसच. दीड हजार किलोमीटर जावयाचें, चार दिवस राहावयाचें, आणि नांव न लागल्यास तितकेंच परत यावयाचें. "भाडं दोनदां जमवलंय, गुरुजी," असें तो सहज बोलून गेला.

मुलगी आंत गेली आणि मला मालविकाग्निमित्र आठवलें. कालिदासाच्या त्या नाटकांत गणदास व हरदत्त हे दोन नाट्याचार्य श्रेष्ठत्वासाठीं भांडतात. परिव्राजिका कौशिकी मध्यस्थ होते आणि म्हणते कीं नाट्यांत मुख्य गोष्ट प्रयोग, तेव्हां शिष्येचा प्रयोगच पाहूं. आणि पात्रांनीं अंगावर फार साज चढवून येऊं नये, म्हणजे अंगविक्षेपांचें सौष्ठव दिसेल. परीक्षकांस यापेक्षां शहाणा नियम अद्याप सुचलेला नाहीं. मालविका विदर्भाची राजकन्या. विदिशेस येतांना वाटेंत लुटारूंनीं तिचा तांडा मोडला होता. म्हणजे आपल्या मुलुखांतून दूर जाऊन परक्यांपुढें परीक्षा देणारी ही पहिलीच मुलगी म्हणावयास हरकत नाहीं. भरतमुनींनीं तर कोणत्या पात्रास कोणता नट योजावा यावर नाट्यशास्त्रांत वेगळा अध्यायच खर्चिला आहे. देह, चाल, वाणी, सारें पाहावें म्हणतात. उमेदवार कोठून आला व किती वेळ उभ्यानें प्रवास करून आला, हें मात्र पाहावयास त्यांनीं सांगितलेलें नाहीं.

अर्ध्या तासानें ती बाहेर आली. चेहऱ्यावरून कांहीं कळेना. वरच्या षड्जास आवाज किंचित् फाटला, असें तिनें प्रथम सांगितलें. पहांटेचें गाणें नडलें कीं चाकणची धूळ, कोण जाणे. थांबून ती म्हणाली, "पण पद झाल्यावर त्यांनीं विचारलं, ही शकुंतला मागं वळून कोणाकडं बघते? मीं म्हटलं, कांद्याच्या चाळीकडं." परीक्षक हंसले होते, तें हंसणें बरें कीं वाईट, याचा काथ्याकूट परतीच्या वाटेवर खेडापर्यंत पुरला.

यादी लागली त्यांत तिचें नांव होतें, शेवटून तिसरें. मीं घरीं जाऊन सांगितलें तेव्हां बाप चाळींत कांदा पसरीत होता. त्यानें हात झटकले, खोलीचें भाडें विचारलें, खानावळ विचारली, मनांतल्या मनांत बेरीज केली. मग म्हणाला, "शनिवारीं शेवटची गाडी वाकडेवाडीहून किती वाजतां सुटते, तें बघून ठेवा. मी मंचराला मोटारसायकल घेऊन येत जाईन. अंधारांत तिला एकटी यायला नको."