नानांची चार मॅगझिनं

भिवंडीत बंदूक दिसते ती गोदामांच्या फाटकाशी. माणकोलीपासून काल्हेर-कशेळीपर्यंत जिकडे पाहावं तिकडे गोदामं, आणि त्यांतल्या काहींच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला, मांडीवर बारा बोअरची दुनळी घेतलेला राखणदार. ती दुनळी उडाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. खेळ म्हणून कुणी पिस्तूल हातात धरतं, त्यासाठी पहाटे उठून वरळी गाठतं, हे आमच्या कामतघरातल्या शेजाऱ्यांना कितीदा सांगूनही पटलेलं नाही. 'पोलिसात भरती व्हायचंय का?' हा प्रश्न मला आजही येतो. मला या वाटेला लावणारा माणूस मात्र खरोखरच पोलिसातला होता.

नाना पोलीस दलात आर्मोरर होते. म्हणजे हत्यारं चालवणारे नव्हेत, दुरुस्त करणारे. सातारा भागातले, नोकरीनिमित्त ठाण्याकडे आले, निवृत्तीनंतर वऱ्हाळा तलावाच्या बाजूला दोन खोल्यांत राहिले. संध्याकाळी आमच्या कारखान्याच्या ओट्यावर यायचे. आत वडिलांचे माग चालू असत, त्यामुळे ओट्यावरचं प्रत्येक बोलणं ओरडूनच व्हायचं. नानांना त्याचं काही वाटत नसे. फायरिंग रेंजवर आयुष्य गेल्याने त्यांचा डावा कान तसाही कामातून गेला होता. नोकरीत त्यांनी शेकडो पिस्तुलं खोलली, पुसली, स्प्रिंगा बदलल्या, पण स्वतः एकाही स्पर्धेत उतरले नाहीत. 'घोड्याला नाल मारणाऱ्यानं रेसला जाऊ नये,' म्हणायचे, आणि हसायचे.

मी कॉलेजात एन.सी.सी.त .२२ रायफल चालवलेली. २०१२ साली लंडनला विजय कुमारने २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलात रौप्य मिळवलं आणि मला पिस्तुलाचं वेड लागलं. पण वाचता वाचता मी भलतीकडेच पोचलो: प्रॅक्टिकल पिस्तूल शूटिंग. कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढायचं, धावत जागा बदलायची, भिंतीआडून नेम धरायचा, चालता चालता मॅगझिन बदलायचं. १९७६ साली अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या कोलंबिया गावी या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिच्या नियमपुस्तकाचं प्रिंटआउट काढून मी ते नानांपुढे टाकलं. कुणीही शहाणा माणूस हसला असता. नानांनी चष्मा पुसला आणि 'इंग्रजी तू वाच, हत्याराचं मी सांगतो' म्हणाले. कित्येक संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून ते पुस्तक वाचलं.

या खेळात आधी गट निवडावा लागतो, तोही वजनावर किंवा वयावर नव्हे, हत्यारावर. ओपन गटात लाल ठिपक्याची दुर्बीण, झटका कमी करणारा कॉम्पेन्सेटर, लांबलचक मॅगझिन, सगळं चालतं. स्टँडर्डमध्ये दुर्बीण नाही, आणि मॅगझिनसकट पिस्तूल २२५ × १५० × ४५ मिलीमीटरच्या खोक्यात मावलं पाहिजे. प्रॉडक्शनमध्ये कारखान्यातून निघालेलं साधं पिस्तूल, सुरुवातीला मॅगझिनमध्ये जास्तीत जास्त १५ गोळ्या. क्लासिकमध्ये जुन्या १९११ घडणीचं पिस्तूल, जोरकस काडतूस असेल तर ८ गोळ्या, हलकं असेल तर १०. शिवाय रिव्हॉल्व्हरचा गट वेगळा.

मला अर्थातच ओपन हवा होता. त्या वयात दुसरं काय हवं असणार! नानांनी पिस्तुलाबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांनी विचारलं, 'एका फेरीत गोळ्या किती?' छोट्या फेरीत १२ पर्यंत, मधल्या फेरीत २४, मोठ्या फेरीत ३२. मग बिलाच्या पाठीमागे पेन्सिलीने मांडणी सुरू झाली. आठ गोळ्यांचं मॅगझिन असेल तर छोट्या फेरीतसुद्धा बदली करावीच लागणार; पंधराचं असेल तर नाही. मोठ्या फेरीला क्लासिकवाल्याची कंबर मॅगझिनांनी भरून जाणार. 'पिस्तूल दुकानात पसंत करतात, गट मॅगझिन मोजून ठरवायचा,' हे त्यांचं म्हणणं. मी तेव्हा ते पाठ केलं, पटायला वेळ लागला.

गुणांची रीत कळल्यावर तर ते आणखीच खुलले. मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद. बारा गोळ्या, प्रत्येकी ५ गुणांच्या मधल्या भागात बसल्या तर ६०. सहा सेकंदांत झालं तर भागाकार १०. मॅगझिन अडकून दोन सेकंद गेले, तर तेच ६० गुण ८ ने भागायचे, साडेसात. एकही नेम न चुकता चौथा हिस्सा गेला! नाना हा हिशेब ओट्यावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटले, सुताच्या दलालालासुद्धा. त्याने मान डोलावून सुताचा भाव सांगितला.

नानांचं सगळं आयुष्य इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणाऱ्या ९ एम.एम. वन-ए पिस्तुलाभोवती गेलेलं. ब्राउनिंग हाय-पॉवरच्या घडणीचं, १३ गोळ्यांच्या मॅगझिनचं. हे पिस्तूल कोणत्या गटात बसेल, याचा शोध त्यांनी नियमपुस्तकात चिकाटीने लावला. प्रॉडक्शनमध्ये पहिली गोळी घोडा खाली असताना, ट्रिगर लांब ओढून सुटली पाहिजे. वन-एला आधी घोडा मागे ओढावाच लागतो, म्हणून बाद. क्लासिकला १९११ घडण हवी, तेही बाद. उरला स्टँडर्ड. तिथे ९ एम.एम.ला हलकं काडतूस धरतात, म्हणजे मधल्या भागाच्या जरा बाहेर गेलेल्या गोळीला जोरकस काडतुसाला मिळणारे ४ गुण न मिळता ३च मिळतात. नानांचा निर्णय झाला. 'स्टँडर्ड. चार मॅगझिनं. ३२ ला तीन पुरतात, चौथं अविश्वासाचं.' मी ओपनच्या बाजूने भांडत राहिलो. दोघांकडेही पिस्तूल नव्हतं, हे सांगायला नकोच.

मिळण्यासारखंही नव्हतं. ९ एम.एम. हा आपल्याकडे निषिद्ध बोअर. पोलीस-लष्करासाठी आहे, सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली खेळाडूंसाठी वेगळ्या तरतुदी आहेत, पण त्या आमच्या उपयोगाच्या नव्हत्या. जगभर हा खेळ ज्या काडतुसावर चालतो, तेच इथे बंद. नानांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरीही त्यांनी मला पुस्तक संपवू दिलं. संपल्यावर ते शांतपणे म्हणाले, 'आता जे मिळतं, त्यात हे सगळं वापर.' कायद्याचं कलम पहिल्याच संध्याकाळी दाखवलं असतं, तर मी दुसऱ्या दिवसापासून क्रिकेट खेळलो असतो, याची मला खात्री आहे.

मग त्यांनी मला वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर नेलं. भिवंडीहून वरळी म्हणजे रिक्षाने कोनगाव, दुर्गाडीचा पूल ओलांडून कल्याण, लोकलने दादर, पुढे बस. सुरुवात अर्थातच १० मीटर एअर पिस्तुलाने, ४.५ मिलीमीटरच्या छऱ्याला परवाना लागत नाही. त्या पिस्तुलाची लाकडी मूठ माझ्या हाताला मोठी होती. नानांनी ती आमच्या भागातल्या एका सुताराकडे नेली. मागाचे धोटे आणि पिकिंगच्या काठ्या दुरुस्त करणारे चाचा, मूळचे आझमगढचे. त्यांनी माझा तळवा उलटसुलट पाहिला, कानशीने मूठ घासली, लाकडी भुशाच्या लांबीने एक खळगा भरला आणि पैसे विचारल्यावर चहा मागवला.

पुढे २५ मीटरवर मी .२२ च्या स्टँडर्ड पिस्तुलात उतरलो. नाव तेच निघालं, म्हणून नाना जाम खूश. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे त्यांनी कानाआड केलं. यात ६० गोळ्या: २० गोळ्यांना पाच-पाचच्या मालिकेला १५० सेकंद, पुढच्या २० ला २० सेकंद, शेवटच्या २० ला १० सेकंद. एका हाताने. मॅगझिनमध्ये पाचच गोळ्या. 'पाचच? मग काय सोपंय!' असं मी म्हणालो असेन, कारण त्यानंतरचा संपूर्ण महिना नानांनी मला फक्त मॅगझिन भरायला लावलं.

.२२ च्या काडतुसाला बुडाशी कडा असते. भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या पुढे राहिली पाहिजे. मागे राहिली की दोन्ही एकमेकांत अडकतात, आणि दहा सेकंदांच्या मालिकेत तिसऱ्या गोळीला पिस्तूल मुकं होतं. मॅगझिनचे वरचे ओठ केसभर पसरले तरी काडतूस नाक वर करून येतं. शिसं आणि मेण साचून काडतुसं वर ढकलणारा आतला फॉलोअर जड होतो. यातलं नेमकं काय बिघडलंय हे कळायचं, तर प्रत्येक मॅगझिनला खूण हवी. नानांनी मुलीच्या नेलपॉलिशने असोसिएशनच्या मॅगझिनांवर ठिपके दिले, आणि कुठलं कधी अडकलं ते वहीत टिपायला लावलं. ठरावीक ठिपक्याचंच मॅगझिन अडकतंय असं दिसलं की दोष नेमबाजाचा नाही, आणि सगळीच अडकत असतील तर मनगट ढिलं पडतंय. भरलेलं मॅगझिन ठेवून दिलं की स्प्रिंग मरते, असं रेंजवर बरेच जण सांगतात. नाना तेवढं मानत नसत. स्प्रिंग दाबल्या-सोडल्याने थकते, नुसत्या दाबून राहिल्याने नव्हे, असं त्यांचं म्हणणं. आर्मोररच्या शब्दावर मी विश्वास ठेवला.

हात बसत नव्हता तेव्हा त्यांनी मला आमच्याच कारखान्यात उभं केलं. कांडी संपली की कामगार माग थांबवतो, रिकामा धोटा बाहेर काढतो, भरलेला आत सरकवतो, माग पुन्हा सुरू. त्याची नजर कापडावर असते, हात आपलं काम करतात. जन्मापासून हे माझ्यासमोर चालत आलेलं, आणि मी कधी पाहिलं नव्हतं. नाना कानाशी ओरडले, 'घाई कुठं दिसतेय का बघ!' दिसत नव्हती.

पुढची दोन वर्षं वाईट गेली. सूत महागलं, कापडाला उठाव नाही, वडिलांनी निम्मे माग भंगारात काढले. असोसिएशनची फी, काडतुसांचे पैसे, प्रवास, यातलं काहीही घरी मागण्यासारखं नव्हतं. नानांनी पेन्शनमधून भरलं. 'कर्ज म्हणून' असा शब्द त्यांनी काढला नाही, आणि 'भेट म्हणून' असंही म्हणाले नाहीत. मी मात्र वडिलांच्या मजुरीच्या वहीत शेवटच्या पानावर आकडे लिहीत गेलो.

२०१३ च्या एप्रिलमध्ये राही सरनोबतने चांगवॉनला विश्वचषकात २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं, त्या दिवशी नाना पेढे घेऊन आले. 'कोल्हापूरची पोरगी,' एवढंच म्हणत राहिले. साताऱ्याच्या माणसाने कोल्हापूरला इतकं मानलेलं मी तेव्हाच पाहिलं. नाशिकच्या भीष्मराज बामांबद्दलही त्यांना असाच आदर. पोलीस अधिकारी असून नेमबाजांच्या मनाचा अभ्यास करतो, याचं त्यांना फार अप्रूप होतं. माझ्या निकालांवर पेढे वाटावेत असं फारसं घडलं नाही. राज्य पातळीवर मी मधल्या फळीत राहिलो. नानांना त्याचा विषाद नव्हता. त्यांचा पहिला प्रश्न नेहमी एकच असायचा, 'किती अडकली?'

नाना गेले तेव्हा मला एका गोदामात हिशेबनिसाची नोकरी लागली होती. पैसे जमल्यावर मी वहीतलं पान फाडून त्यांच्या मुलीकडे गेलो. ती ठाण्यात शिक्षिका आहे. ती 'राहू दे' म्हणेल, मग मी आग्रह करीन, अशी मी मनात तयारी केली होती. तिने पैसे घेतले, मोजले आणि म्हणाली, 'बाबा म्हणालेच होते, तू आणून देशील म्हणून. रक्कमही बरोबर आहे.' नानांनीही लिहून ठेवलं होतं तर! क्षणभर मला थोडं लागलं. मग बरं वाटलं. माझ्या हिशेबात चाचांच्या चहाचे पैसे नव्हते, तिच्याकडच्या कागदावर ते होते.

चहा झाल्यावर तिने कपाटातून जुनं, कडा कुरतडलेलं नियमपुस्तक काढलं. समासात नानांच्या पेन्सिलीने केलेले भागाकार होते.

'यावरून तुम्ही दोघं रात्र रात्र भांडायचात ना,' ती म्हणाली. 'मग शेवटी ठरलं तरी काय?'

'स्टँडर्ड,' मी म्हणालो. 'आणि चार मॅगझिनं.'

'तुला पटलं होतं?'

'नाही. मला अजूनही ओपनच हवाय.'