पाथरी : निघून गेलेल्यांचं गाव

जिल्ह्याबाहेरच्या माणसाला पाथरी कुठे आहे हे सांगायचं तर आता एकच खूण पुरते : "साईबाबांचा जन्म जिथला म्हणतात ते." जानेवारी २०२० मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटी जाहीर केले, 'जन्मस्थान' या शब्दावरून शिर्डीकर चिडले आणि १९ जानेवारीला त्यांनी बंद पाळला. तोवर ज्यांनी आमच्या जिल्ह्याबद्दल 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' एवढंच ऐकलं होतं, त्यांनी पाथरीचं नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. त्या आठवड्यात वर्गात एका पोराने विचारलं, "सर, साईबाबा अपने थे या उनके?" मी उलट विचारलं, "अपने म्हणजे कोण?" अर्धा वर्ग म्हणाला, "मुसलमान." मागच्या बाकावरून एक आवाज आला, "परभणीवाले." हे दुसरं उत्तर मला जास्त विचार करायला लावणारं वाटलं, आणि तिथूनच मी पाथरीचा इतिहास नीट वाचायला घेतला.

आधी भूगोल. परभणीहून मानवत ओलांडून पश्चिमेला गेलं की पाथरी लागते. काळी कापसाची जमीन, दक्षिणेला थोड्या अंतरावर गोदावरी. आज हे तालुक्याचं गाव आहे, पण अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्यात 'सरकार पाथरी' होतं. आपण आज 'सरकार' म्हणजे शासन म्हणतो, तेव्हा सरकार म्हणजे अनेक परगण्यांचा मिळून झालेला मुलूख. असा मुलूख पाथरीच्या नावाने ओळखला जात होता.

त्याआधीची गोष्ट तर आमच्या मुलांना कोणी सांगतच नाही. फेरिश्ता हा इतिहासकार काही काळ अहमदनगरच्या दरबारात होता. त्याने लिहून ठेवलंय की निजामशाहीचं मूळ घराणं पाथरीच्या ब्राह्मण कुळकर्ण्यांचं. हे घराणं गाव सोडून विजयनगरच्या मुलखात गेलं. तिथे भैरूचा मुलगा तिमाप्पा बहमनी फौजेच्या हाती सापडला, मुसलमान झाला आणि हसन या नावाने वाढला. बापाच्या 'भैरू'चं पुढे 'बहरी' झालं. हाच मलिक हसन बहमनी राज्याचा मोठा वजीर झाला आणि त्याच्या मुलाने, अहमदने, १४९० मध्ये निजामशाही उभी केली.

खरी गंमत पुढे आहे. अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा गादीवर होता तेव्हा पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीकडे होती. आपल्या पूर्वजांचं गाव आपल्याकडे असावं म्हणून त्याने अदलाबदलीत दुसरा मुलूख देऊ केला. इमादशहाने नकार दिला. १५१८ मध्ये बुऱ्हाणने पाथरी जिंकली. ती हातची गेली तेव्हा पुन्हा तोफा लावून घेतली आणि आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम देऊन टाकली. एक मुसलमान सुलतान ब्राह्मण नातेवाइकांच्या गावासाठी दोनदा लढला. लढाईत भरडले गेले असतील ते साधे लोकच, हेही विसरू नये. पण 'हे आपले, ते त्यांचे' अशी सरळ रेघ ओढणाऱ्याला पाथरी अडचणीची आहे.

साईबाबांची कथाही याच वळणाची. शिर्डीच्या खंडोबाचे पुजारी म्हाळसापती यांच्या आठवणीप्रमाणे, आपण पाथरीच्या ब्राह्मणाचे, लहानपणीच फकिराच्या हवाली झालो, असं बाबांनी त्यांना सांगितलं होतं. शिर्डीकर म्हणतात, बाबांनी जातधर्म कधी सांगितला नाही, तुम्ही तो चिकटवू नका. त्यांचं म्हणणंही मला पटतं. पण माझं लक्ष दुसरीकडे जातं. पाथरीने जगाला दाखवावीत अशी ही दोन नावं. दोन्ही कथांत घर ब्राह्मणाचं आणि वाढ मुसलमानाच्या हाती. आणि दोघांचंही नाव झालं ते पाथरीच्या बाहेर.

बाहेर जाणं अजून थांबलेलं नाही. निजामाच्या काळात १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद रेल्वे आली, पण ती सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा अशी गेली. पाथरी बाजूला राहिली. कापसाचा व्यापार रुळाजवळ सरकला, सेलू-मानवतच्या पेठा वाढल्या. पुढे जायकवाडी झालं, पैठणहून निघणारा २०८ किलोमीटरचा डावा कालवा आमच्या जिल्ह्यात आला, ऊस वाढला, साखर कारखाने आले. तरी धरण भरलं नाही की कालव्याच्या शेवटच्या गावांनी वाट पाहायची, हे ठरलेलंच. बाकी कापूस, सोयाबीन, तूर, आणि भाव पडला की कर्ज. दिवाळीनंतर कोयता घेऊन उसाच्या फडावर जाणारी कुटुंबं आहेत. आमची दहावी-बारावी झालेली पोरं पुण्याला, मुंबईला, हैदराबादला जातात. कोणी गॅरेजात, कोणी बेकरीत.

म्हणून जन्मस्थानाच्या वादात मला जन्मापेक्षा 'स्थाना'ची काळजी जास्त वाटते. भाविक आले तर चांगलंच आहे. फुलवाला, चहावाला, रिक्षावाला, लॉजवाला सगळ्यांचं पोट भरेल, आणि त्यात पाथरीच्या मोठ्या मुस्लिम वस्तीचाही वाटा असायला हवा. पण ज्या दिवशी या गावाची गोष्ट एकाच रंगात सांगितली जाईल, त्या दिवशी तिथल्या निम्म्या लोकांना आपल्याच गावात पाहुण्यासारखं वाटेल. मग दुकानासाठी जागा मागताना त्यांना आधी आपण इथले असल्याचं सिद्ध करावं लागेल.

हा धोका मंदिराचा नाही, अर्ध्या इतिहासाचा आहे. आणि तो फक्त एका बाजूने येत नाही. निजामशाही 'आपली' म्हणून मिरवणारे आमचे लोक पाथरीच्या कुळकर्ण्यांचं नाव काढत नाहीत, हेही मी ऐकत आलोय.

आमच्या पोरांना जपानची बेटं, तिथले भूकंप आणि कारखाने नकाशावर दाखवता येतात. ते यायलाच हवं. पण त्याच नकाशात त्यांना पाथरीही दाखवता यावी : कुठून नदी जाते, रेल्वे कुठून वळली, कालवा कुठे संपतो आणि इथून कोण का निघून गेलं. साईबाबा कोणाचे, हे त्यानंतर त्यांचं त्यांना कळेल.