हार आणि मुकाबला

शब्दांकडे पाहाण्याची संवय शिक्षकास सेवानिवृत्तीनंतरहि सुटत नाहीं. घरांत एखादी नवी गोष्ट आली कीं तिच्या गुणदोषांकडे वळण्यापूर्वीं आम्ही तिचें नांव पाहातों. कारण नांव ठेवणारा मनुष्य आपलें मन नकळत त्या नांवांत सांगून जातो. चित्रपटगीतांच्या दोन कार्यक्रमांचीं नांवें या दृष्टीनें आम्हांस फार बोलकीं वाटतात. दूरदर्शनवरील जुन्या कार्यक्रमाचें नांव होतें 'चित्रहार'. आणि १९९२-९३ च्या सुमारास दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर जो नवा कार्यक्रम आला त्याचें नांव होतें 'सुपरहिट मुकाबला'. दोहोंतील गाणीं एकाच जातीचीं, नटनट्या त्याच, नृत्येंहि तींच. तथापि नांवांत केवढें अंतर! हारांत पहिलें फूल कोणतें आणि शेवटचें कोणतें हें कोणी विचारीत नाहीं. जेथें गांठ पडली तेथेंच आरंभ आणि तेथेंच शेवट. मुकाबला हा अरबींतून फारशीच्या वाटेनें आपल्याकडे आलेला शब्द. समोरासमोर उभें करणें हा त्याचा मूळ अर्थ. जीं गाणीं काल एका सूत्रांत ओंवलीं जात होतीं, तीं आतां एकमेकांसमोर उभीं राहिलीं. वाचकांपैकीं ज्यांचीं मुलें त्या काळीं शाळेंत होतीं त्यांना हा पालट आठवत असेल. त्यानें आपल्या घरांत काय आणलें आणि घरांतून काय नेलें, याचा तीस वर्षांनंतर शांतपणें विचार करावा असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

गाण्यांस क्रमांक लावण्याची युक्ति कांहीं त्या दशकांत निघालेली नव्हे. लंडनच्या 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकानें १४ नोव्हेंबर १९५२ रोजीं, कोणत्या तबकड्या अधिक खपल्या हें दुकानदारांस विचारून, ब्रिटनमधील गाण्यांची पहिली क्रमवारी छापली. पुढें अशाच क्रमवारीच्या आधारानें बी. बी. सी. चा 'टॉप ऑफ द पॉप्स' हा साप्ताहिक कार्यक्रम १९६४ पासून २००६ पर्यंत चालला. योगायोग असा कीं लंडनची ती पहिली यादी निघून तीन आठवडे होतात न होतात तोंच, ३ डिसेंबर १९५२ रोजीं, रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. नांव मालेचें, परंतु लवकरच त्या मालेंत पायऱ्या आल्या. सयानी त्यांना 'पायदान' म्हणत. कोणतें गाणें कोणत्या पायदानावर, हें दुकानांतील तबकड्यांचा खप आणि गांवोगांवच्या श्रोतासंघांचीं पत्रें यांवरून ठरे.

गीतमालेला एवढे श्रोते लाभले त्यास आणखीहि एक कारण झालें. त्याच वर्षीं नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे शास्त्रीय संगीताचे कट्टे अभिमानी होते. त्यांच्या कारकीर्दींत चित्रपटगीतें आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झालीं. परिणाम एवढाच झाला कीं लोकांनीं आपल्या रेडिओचा कांटा सिलोनकडे फिरवला, आणि १९५७ च्या ऑक्टोबर महिन्यांत सरकारास स्वतःचीच 'विविध भारती' काढावी लागली. दाराशीं अडवलेली वस्तु खिडकींतून आंत येते, हा धडा गृहस्थाश्रमी माणसानें लक्षांत ठेवण्याजोगा आहे. आमच्या वडिलांनीं तो ठेवला होता, हें पुढें दिसेल.

१९९२ च्या ऑक्टोबरांत 'झी' वाहिनी सुरू झाली, आणि थोड्याच दिवसांत पुण्याच्या जुन्या पेठांतून कौलांवरून कौलांवर केबलची काळी तार जाऊं लागली. मेट्रो वाहिनीवर 'सुपरहिट मुकाबला', झीवर 'फिलिप्स टॉप टेन', असे क्रमवारीचे कार्यक्रम एकामागून एक आले. गीतमालेंत कान एकटा होता. येथें डोळा त्याचा वडीलभाऊ होऊन बसला. चित्रपट लागण्यापूर्वींच त्यांतील गाणें घरोघर पोंचूं लागलें, आणि गाणें चालल्याशिवाय चित्रपट चालत नाहीं असें निर्मात्यांस वाटूं लागलें. निवेदनाची तऱ्हाहि बदलली. सयानी यांची आर्जवी हांक ऐकलेल्या पिढीस, बाबा सेहगल यांचें तालावर भरभर बोलत जाणें हें प्रथम गाणें आहे कीं बोलणें आहे तेंच समजेना. आमच्या पुतण्यांना मात्र तें एका आठवड्यांत पाठ झालें.

त्या वेळीं आमच्या वाड्यांत आम्ही अकरा माणसें होतों आणि दूरचित्रवाणीचा संच एकच, तोहि माजघरांत. सबब कार्यक्रम पाहावयाचा तर सर्वांनीं मिळूनच पाहावा लागे. वडील आरामखुर्चींत, आई पाटावर वाती वळीत, दादा वर्तमानपत्राआड, वहिनी आणि आमचें कुटुंब स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं, आणि मुलें अगदीं पडद्यास नाक लावून. दहाव्या क्रमांकापासून मोजणी सुरू होई. पांचव्याच्या सुमारास पैजा लागत आणि दुसऱ्याशीं भांडणें होत. ज्या वहिनींनीं पंधरा वर्षांत सासऱ्यांसमोर कोणत्याहि विषयावर मत दिलें नव्हतें, त्या एका रात्रीं उंबऱ्यावरून स्पष्ट म्हणाल्या, "हें गाणं वर कसं गेलं? चाल तर जुनीच आहे." वडिलांनीं मान वळवून पाहिलें आणि म्हणाले, "सूनबाई बरोबर बोलल्या." लहानशी गोष्ट, परंतु त्या दिवसापासून आमच्या घरांत सुनांना मत असतें हें मान्य झालें. १९९२ च्या 'रोजा'पासून पुढें आलेल्या ए. आर. रहमान यांच्या चालीहि आमच्या माजघरांत याच वाटेनें आल्या, आणि भजनाची पेटी वाजविणाऱ्या दादांनीं त्या कान देऊन ऐकल्या. या कार्यक्रमांचें देणें सांगावयाचें तर हें प्रथम सांगितलें पाहिजे.

१९९३ सालीं 'खलनायक' चित्रपटांतील चोळीच्या गाण्यावरून देशभर गदारोळ झाला. दिल्लीच्या न्यायालयांत बंदीसाठीं अर्ज झाला. तो फेटाळला गेला, आणि पुढें त्याच गाण्याबद्दल अलका याज्ञिक आणि इला अरुण या दोघी गायिकांना फिल्मफेअरचें पारितोषिकहि मिळालें. आमच्या घरीं तें गाणें लागलें कीं वडील उठून देवघरांत जात. परंतु संच बंद करा असें त्यांनीं एकदांहि म्हटलें नाहीं. आम्हीं कारण विचारलें तेव्हां ते म्हणाले, "बंद केलं तर पोरं शेजारी जाऊन पाहातील. इथं निदान मी उठून गेलेला त्यांना दिसतो." आणि वस्तुतः प्रश्न एक आणि उत्तर भलतेंच, हा प्रकार आमच्या संस्कृत प्रहेलिकांना कांहीं अपरिचित नाहीं, आमचा आक्षेप त्या गाण्याच्या कोड्यास नव्हताच. तो निराळ्याच ठिकाणीं होता.

तो आईच्या एका प्रश्नानें आमच्या ध्यानांत आला. मागील आठवड्यांत पहिलें असलेलें गाणें त्या रात्रीं सातवें झालें, तेव्हां वातींवरील दृष्टि न काढतां तिनें विचारलें, "का रे, आजारी आहे का तें गाणं?" मुलें हंसलीं. परंतु प्रश्न खरा होता. सात दिवसांत गाण्याचा एक सूर बदलला नव्हता, एक शब्द गळला नव्हता. मग तें खालीं आलें म्हणजे त्याचें काय झालें? गाणें कोठल्या क्रमांकावर आहे हें दर आठवड्यास सांगितलें जाई; तें कशासाठीं ऐकावें हें कोणी सांगत नसे. मुलांच्या तोंडीं 'कसें आहे' हा प्रश्न मागें पडून 'कितवें आहे' हा प्रश्न आला, तो या वाटेनें.

शिक्षकाच्या धंद्यांत या 'कितव्या'शीं आमचा जन्माचा परिचय. त्या काळीं शालान्त परीक्षेची गुणवत्ता यादी वर्तमानपत्रांत छापून येत असे. पहिल्यांत आणि दुसऱ्यांत अंतर एका गुणाचें. परंतु पेढे वांटले जात एका घरीं आणि दुसऱ्या घरीं दिवा लवकर मालवला जाई. आमच्या वर्गांतील एक मुलगा त्या यादीच्या खालीं अवघ्या दोन गुणांनीं राहिला. संस्कृतांत त्याला अन्वय आधीं दिसे आणि अर्थ मागून. असा विद्यार्थी आम्हांस पुन्हां भेटला नाहीं. तो आठ दिवस घराबाहेर पडला नाहीं. यादींत जे आले त्यांच्याहून त्याच्यांत काय उणें होतें हें ती यादी सांगूं शकत नव्हती; आणि काय अधिक होतें हें सांगण्यास तर तिच्यांत रकानाच नव्हता. मंडळानें ती प्रथा पुढें बंद केली हें फार चांगलें झालें.

याचा अर्थ आमच्या पूर्वजांनीं तुलना केली नाहीं असा मुळींच नव्हे. कवींची बोटांवर मोजणी करतांना करंगळी कालिदासासाठीं दुमडली, आणि पुढच्या बोटासाठीं त्याच्या तोलाचा कवि न मिळाल्यानें 'अनामिका' हें त्या बोटाचें नांव सार्थ ठरलें, हें सुभाषित प्रसिद्धच आहे. मम्मटानेंहि 'काव्यप्रकाशां'त काव्याच्या उत्तम, मध्यम आणि अवर अशा तीन प्रती लावल्या आहेत. परंतु त्यानें निकष आधीं सांगितला: व्यंग्य अर्थ वाच्यार्थाहून वरचढ असेल तें काव्य उत्तम. ज्याला हें पटत नसेल त्यानें वाद घालावा. वादाला जागा ठेवलेली आहे. नुसत्या अंकाशीं वाद घालतां येत नाहीं. अंक कधीं खोटा नसतो. कितीजणांनीं घेतलें एवढें तो प्रामाणिकपणें सांगतो. चूक त्याची नसते. कितीजणांनीं घेतलें या उत्तराला केवढें चांगलें आहे याचें उत्तर समजणाऱ्याची असते.

आतां दुसरी बाजू सांगतों, कारण ती सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाहीं. आमची पुतणी त्या वेळीं नववींत होती. तिनें दोनशेपानी वहींत दर आठवड्याचीं दहा गाणीं क्रमानें लिहून ठेवण्याचा परिपाठ ठेवला होता. वर तारीख, समोर मागील आठवड्याचा क्रमांक, सगळें रेघा मारून. एका दुपारीं आई जात्यावरची ओवी गुणगुणत डाळ निवडीत होती. पुतणीनें सहज विचारलें, "आजी, तुला अशा किती येतात?" आई म्हणाली, "मोजल्यात कुणी?" मुलीला याद्या करण्याची गोडी लागलेलीच, तिनें तीच वही उलटी करून मागील पानांपासून ओव्या उतरण्यास प्रारंभ केला. माहेरच्या, भावाच्या, पंढरीच्या, लेकीच्या पाठवणीच्या. ओवीला क्रमांक घालतांना मात्र आईनें तिचा हात धरला. "आंकडे नको घालूंस. ज्या दिवशीं जी ओठांवर येईल ती त्या दिवशीं पहिली."

पुतणीनें तें ऐकलें. मागील पानांवर अंक नाहींत. आई २००१ सालीं गेली. तिच्या ओव्यांपैकीं जेवढ्या त्या वहींत आहेत तेवढ्याच जगांत उरल्या आहेत. त्या कोणत्याहि क्रमवारींत कधीं नव्हत्या आणि कोणी त्यांची तबकडी काढली नव्हती. म्हणजे ज्या कार्यक्रमानें मुलांना 'कितवें' विचारण्यास शिकविलें, त्याच कार्यक्रमानें एका मुलीच्या हातीं लेखणी दिली, आणि न मोजलेलें धन त्या लेखणीनें राखलें. पुतणी आतां पन्नाशीला टेकली आहे. पुढच्या पानांवरचीं गाणींहि ती आवडीनें म्हणते आणि मागच्या पानांवरच्या ओव्याहि. तिला दोहोंत मुकाबला दिसत नाहीं.

आज घरोघर मोजणी पूर्वींपेक्षां शतपट वाढली आहे. मोबाइलवर प्रत्येक गाण्याच्या खालीं किती लोकांनीं तें पाहिलें याचा आंकडा असतो, आणि प्रत्येकाच्या आवडीचा अंदाज बांधून यंत्र ज्याची त्याला निराळी यादी पुढें करतें. कानांत बोंडें घालून एका घरांतील सात माणसें सात यादी ऐकतात. मुकाबला राहिला, पण ज्या माजघरांत तो होत असे तें उठून गेलें. सूनबाईंनीं मत द्यावें तरी कोणासमोर, आणि आजोबांनीं उठून जावें तरी कोठून?

यावर आम्हांस सुचलेला उपाय साधा आहे, आणि गेल्या चातुर्मासापासून तो आमच्या घरीं चालू आहे. शनिवारीं रात्रीं जेवणें आटोपलीं कीं सर्वांनीं अर्धा तास एकत्र बसावें. पाळीपाळीनें एकानें आपल्या आवडीचें एक गाणें सर्वांना ऐकवावें. जुनें असो, नवें असो, कोणत्याहि भाषेंतील असो. ऐकवून झाल्यावर तें कां आवडलें हें त्यानें चार वाक्यांत सांगावें. क्रमांक लावूं नये आणि कोणाच्या गाण्यास नाक मुरडूं नये. पहिल्या शनिवारीं आमच्या नातवास चार वाक्यें सांपडेनात. "भारी आहे" यापुढें गाडी जाईना. चौथ्या शनिवारीं त्यानें एका गाण्यांत मृदंगाचा ठेका मध्येंच कोठें थांबतो आणि त्या थांबण्यानें पुढच्या शब्दास वजन कसें येतें हें आम्हां सर्वांना पुन्हां पुन्हां ऐकवून दाखविलें. आम्हीं संस्कृत काव्यांतील यति शिकवतांना चाळीस वर्षें जें सांगत होतों, तेंच तो सांगत होता. वाचकांनीं आपल्या घरीं हा प्रयोग अवश्य करून पाहावा. खर्च कांहीं नाहीं, आणि घरांतील माणसें काय ऐकतात हें तरी एकमेकांस कळेल.